जोडीची गणिते

गणित हा माझा विषय नव्हे. माझी सारी हयात मराठी शिकविण्यात गेली. समास, प्रयोग, वृत्ते आणि निबंध यांच्या पलीकडे जाण्याचे मला सहसा कारण पडले नाही. परंतु मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले, की सगळेच विषय आपले म्हणावे लागतात. एखादे शिक्षक रजेवर गेले, म्हणजे त्यांचा तास मोकळा ठेवून चालत नाही. अशा वेळी मी खडू घेऊन सातवीच्या वर्गात शिरत असे. आज गणिताच्या तासाला आकड्यांपेक्षा शब्दांचीच चौकशी अधिक होणार, हे मुलांना ठाऊक असे. त्यामुळे मला पाहताच त्यांच्या तोंडावर सुटकेची कळा दिसे. त्या उसन्या तासांनी मला गणिती बनविले नाही, हे उघडच आहे. पण मुले गणितात नेमकी कोठे अडखळतात, हे मात्र मला त्यांनीच दाखविले.

तुम्ही म्हणाल, अडखळणार ती अवघड जागीच! माझा अनुभव थोडा निराळा आहे. डोंगर चढताना माणूस जपून पाऊल टाकतो. ठेच लागते ती बहुधा अंगणात. मुलांचेही तसेच होते. एकटी आलेली अवघड गोष्ट ती हळूहळू आपलीशी करतात. पण दोन सोप्या आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या गोष्टी शेजारी येऊन बसल्या, की जुळ्या मुलांच्या घरी गेलेल्या पाहुण्यासारखी त्यांची त्रेधा उडते. परिमिती विचारली तर ती क्षेत्रफळ काढतात. लसावि विचारला तर मसावि काढतात. आणि नवलाची गोष्ट अशी, की न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहिले, तर ते उत्तर अगदी बिनचूक असते!

मग अशा जोडीच्या गोष्टी शिकाव्यात तरी कशा? दोघींची ओळख एकदमच करून घ्यावी, की एकीशी पुरता परिचय झाल्यावर मग दुसरीकडे वळावे? प्रश्न शिक्षकांचा दिसतो. पण शिकावयाचे तुम्हांला आहे, तेव्हा त्याचा विचार तुम्हीही करावयास हरकत नाही.

आमच्या शाळेत या प्रश्नावर दोन पक्ष होते. एक पक्ष गणिताच्या वृद्ध गुरुजींचा. त्यांची शिस्त मोठी करडी. फळ्यावर त्यांनी काढलेली आकृती पुसताना आम्हांलाच जिवावर येई. दुसरा पक्ष नुकत्याच शाळेत आलेल्या एका तरुण बाईंचा. त्यांचा तास म्हणजे निम्मा वर्गात आणि निम्मा मैदानावर. मधल्या सुटीत चहाचे पेले हातात आले, की या दोघांचा वाद रंगत असे.

“बाई,” गुरुजी म्हणत, “घरात एका वेळी एकच पाहुणा घ्यावा. दोघे एकदम आले, तर पाहुणचार कोणाचाच धड होत नाही.”

“पण गुरुजी, ते दोघे सख्खे भाऊ असले तर?” बाई नम्रपणे विचारीत. “एकाला ओसरीवर तिष्ठत ठेवून दुसऱ्याला माजघरात कसे न्यावयाचे?”

मी मधे बसून दोघांचेही ऐकत असे. मला दोघांचेही पटे, आणि त्यामुळे माझी मोठी अडचण होई. कारण दोन्ही पक्ष शेवटी माझ्याकडेच पाहत. पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला असे दिसू लागले, की भांडण पाहुण्यांच्या संख्येचे नाहीच. ते पाहुणे एकमेकांचे कोण लागतात, याचे आहे. गणितातील काही जोड्या खरोखरच एका आईची लेकरे असतात. काही जोड्या मात्र केवळ शेजारी राहतात. त्यांची नावे सारखी, चेहरा थोडा सारखा, पण काम अगदी वेगळे. दोन्हींना एकच नियम लावला, की घोटाळा होतो.

आधी सख्ख्या भावंडांचे सांगतो. गुणाकार आणि भागाकार ही अशी भावंडे आहेत. “सात आठे छप्पन्न” हे ज्याला आले, त्याला छप्पन्नाचे सात वाटे केले तर प्रत्येक वाट्याला आठ येतात, हेही खरे तर आलेलेच असते. गोष्ट एकच, एकदा ती पुढून पाहिली, एकदा मागून. ती दोनदा वेगवेगळी शिकविणे म्हणजे एकाच घराच्या पुढल्या आणि मागल्या दाराचे दोन पत्ते पाठ करावयास लावण्यासारखे आहे. या जागी बाईंचा पक्ष मला खरा वाटतो. आणि त्यांच्या बाजूला एक फार मोठा साक्षीदार उभा आहे. भास्कराचार्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांनी सन ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. लीलावतीत आरंभी आठ क्रिया सांगितल्या आहेत. त्यांचा क्रम पाहा : बेरीज आणि लगेच वजाबाकी, गुणाकार आणि लगेच भागाकार, वर्ग आणि लगेच वर्गमूळ, घन आणि लगेच घनमूळ. बांधलेली गाठ कशी सोडावयाची, हे आचार्य पुढच्याच श्वासाला सांगून टाकतात.

अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि शतमान यांचेही असेच आहे. पाव, ०.२५ आणि २५ टक्के ही एकाच माणसाची तीन वेषांतली चित्रे होत. पण आमच्या वर्गात ही तीन प्रकरणे तीन वेगवेगळ्या महिन्यांत येत, आणि पुष्कळ मुलांच्या डोक्यात ती तीन वेगवेगळ्या कप्प्यांतच राहत. पाव भाकरी म्हणजे भाकरीचे किती टक्के, असे विचारले, की वर्ग माझ्याकडे टकमक पाही. भाकरीलाही टक्के असतात, हे मुळी कोणाच्या गावीच नसे.

येथे माझ्या आजोबांची आठवण होते. आजोबा फारसे शिकलेले नव्हते; पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी त्यांना मुखोद्गत होत्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे हल्लीच्या मुलांना ठाऊक नसतात. पण पूर्वी दुकानावर बसणाऱ्या मुलाचे त्यांवाचून चालत नसे. त्यांच्या काळी रुपयाचे सोळा आणे होत. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता पाहा, एका आण्याचे पैसे होतात सव्वासहा. हा हिशेब बाजारातल्या माणसांना फार गैरसोयीचा वाटला. परंतु चार आण्यांचे मात्र नेमके पंचवीस पैसे झाले, आठ आण्यांचे पन्नास आणि बारा आण्यांचे पंच्याहत्तर. आजोबांनी हे मनाशी पक्के केले होते. ते पाव म्हणत, चार आणे म्हणत आणि पंचवीस पैसेही म्हणत; एकावरून दुसऱ्यावर जाताना त्यांना पायरी लागत नसे. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेले, आणे तर त्यापूर्वीच गेले होते. पण “यात चार आण्यांचेही खोटे नाही” असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. जे शिकणे तिन्ही वेष एकत्र दाखविते, ते असे दीर्घायुषी असते.

इतके झाले, म्हणजे बाईंचा पक्ष जिंकला असे तुम्हांला वाटेल. परंतु शेजाऱ्यांची गोष्ट अजून राहिली आहे. आणि ती सांगावयाची तर सातवीतल्या एका मुलीविषयी सांगितले पाहिजे.

ही मुलगी गावाबाहेरच्या वस्तीवरून पायी शाळेत येई. मराठीत ती फार हुशार होती. तिचा निबंध मी इतर वर्गांत वाचून दाखवीत असे. त्या काळी सातवीत शिष्यवृत्तीची परीक्षा असे. तिने त्या परीक्षेला बसावे, असे मला फार वाटे. तिच्या घरच्या परिस्थितीत त्या चार पैशांना मोलही होते. पण अर्ज भरण्याच्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून कारण विचारले.

“सर, मला गणित येत नाही,” ती खाली मान घालून म्हणाली. “ते माझ्या नशिबातच नाही.”

बारा वर्षांच्या मुलीने आपल्या नशिबाचा निकाल असा परस्पर लावून टाकावा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. मी तिची सहामाहीची उत्तरपत्रिका मागवून घेतली. प्रश्न होता : १२ आणि १८ यांचा लसावि आणि मसावि काढा. तिने लिहिले होते : लसावि ६, मसावि ३६. दोन्ही उत्तरांवर तांबडी फुली होती. सर्व मांडणी स्वच्छ. एकही आकडा चुकलेला नाही. फक्त नावांची अदलाबदल झालेली.

“लसावि सहा कसा ग?” मी विचारले.

“सर, लघुतम म्हणजे सर्वांत लहान ना? सहा लहान आहे. आणि महत्तम म्हणजे सर्वांत मोठा. छत्तीस मोठा आहे.”

मी थक्क झालो. गणितात शून्य मिळविणाऱ्या त्या मुलीचे मराठी किती चोख होते! लघुतम आणि महत्तम या शब्दांचे अर्थ तिने अगदी बरोबर लावले होते. तिने केले ते इतकेच, की विशेषण वाचले आणि विशेष्य सोडून दिले. आता ही गोष्ट तर माझ्या विषयातली होती! मी तिला त्याच वेळी वर्गात घेऊन गेलो. तास गणिताचाच होता, आणि गुरुजींनी हसून मला खडू दिला.

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले : पालक आणि पाल्य. “प्रगतिपुस्तकावर सही कोण करतो?” “पालक!” सगळा वर्ग ओरडला. “आणि ज्याच्या प्रगतीची काळजी वाटते तो?” “पाल्य!” मग मी त्यांच्याखाली लिहिले : निंदक आणि निंद्य, पूजक आणि पूज्य. पूज्याशी थोडा वेळ थांबलो. कारण मराठीत पूज्य म्हणजे शून्य असाही एक अर्थ आहे, आणि परीक्षेतले पूज्य कोणीच पूजत नाही, एवढे म्हणून घेतल्यावाचून मला राहवेना. सर्वांत शेवटी लिहिले : विभाजक आणि विभाज्य. ‘क’ आला, की तो काम करणारा. ‘य’ आला, की त्याच्यावर काम होणार. विभाजक भागतो; विभाज्य भागला जातो. म्हणून मसावितला ‘वि’ आणि लसावितला ‘वि’ हे एक नव्हेत. नावे सारखी म्हणून आपण त्यांना एका घरचे समजत होतो. ते निघाले शेजारी!

पुढचे काम गुरुजींनी केले. बाराला भागणाऱ्या संख्या त्यांनी लिहिल्या : १, २, ३, ४, ६, १२. अठराला भागणाऱ्या : १, २, ३, ६, ९, १८. दोन्हींकडे असलेल्या : १, २, ३, ६. “यांत सर्वांत लहान कोणता, असे कोणी का विचारीत नाही?” गुरुजींनी विचारले. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले, “कारण तो नेहमी एकच असणार.” अगदी बरोबर! ज्याचे उत्तर सदा एकच, तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. म्हणून विभाजकांत मोठा विचारावयाचा. तो येथे सहा. मग विभाज्य : बाराने भागल्या जाणाऱ्या संख्या १२, २४, ३६, ४८... अठराने भागल्या जाणाऱ्या १८, ३६, ५४, ७२... दोन्हींकडे असणाऱ्या ३६, ७२, १०८ आणि पुढे अशाच. ही रांग कधी संपतच नाही. जिला शेवट नाही, तिच्यात सर्वांत मोठा कोण, हे कोण सांगणार? म्हणून विभाज्यांत लहान विचारावयाचा. तो छत्तीस. ती मुलगी समोरच्या बाकावर बसून हे सारे ऐकत होती. तिने वहीत काही लिहिले नाही; पण तास संपल्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कधी संपते, असे तिने मला हळूच विचारले. सुदैवाने ती संपली नव्हती.

त्या दिवशी मधल्या सुटीत गुरुजी भलतेच खुशीत होते. “पाहिलेत ना बाई? ही जोडी एका आठवड्यात आली, तेथेच घात झाला. यापुढे मी विभाजक आषाढात शिकविणार आणि विभाज्य दिवाळीनंतर!”

“आणि दिवाळीपर्यंत मुले विभाजक विसरून गेली म्हणजे?” बाई म्हणाल्या. “शिवाय एके दिवशी दोन्ही समोर येणारच आहेत. परीक्षेत येतील, संसारात येतील. तेव्हा कोणता कोण, हे ओळखावयास त्यांना कोणी शिकविले असेल?”

यावर गुरुजी गप्प बसले. त्यांना उत्तर सुचले नाही असे नव्हे. पण ते मुळात न्यायी होते.

याच सुमारास बाईंनी मैदानावर एक खेळ केला. चाळीस मीटर लांबीच्या दोराची टोके त्यांनी एकत्र बांधली आणि चार मुलांना चार कोपरे धरावयास लावले. प्रथम दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौरस झाला. त्याच्या कडेने फक्की टाकली आणि वर्गाला आत बोलाविले. मुले ऐसपैस उभी राहिली. कोणी तर फतकल मारून बसले. मग तोच दोर पंधरा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा धरला. मुले जवळजवळ सरकली. शेवटी एकोणीस मीटर लांब आणि एक मीटर रुंद! आता तर मुलांना एकामागे एक अशी रांगच करावी लागली. दोर तोच, चाळीस मीटरांचा. म्हणजे परिमिती तीच. पण आतली जागा शंभर चौरस मीटरांवरून पंच्याहत्तरवर आणि तेथून एकोणीसवर आली. परिमिती आणि क्षेत्रफळ हे दोघेही शेजारीच. त्यांची वेगळी ओळख गुरुजींनी वर्गात आधी करून दिलेली होती; परंतु ते दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, हे त्यांना एकत्र उभे केल्यावाचून दिसलेच नसते.

शेतकऱ्यांच्या मुलांना हे पटकन समजले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जमीन. क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. कुंपण घालावयाचे तर १३२ फूट लागेल. पण तोच गुंठा नव्याण्णव फूट लांब आणि अकरा फूट रुंद अशा पट्टीत मिळाला, तर कुंपण २२० फूट! वाटणीत लांबट पट्टी वाट्याला आलेल्या एका मुलाच्या वडिलांना याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तारेच्या दुकानदाराने तो आधीच समजावून दिला होता.

आता गुरुजींच्या डब्याकडे वळतो. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात अनेक वर्षे जमविलेल्या उदाहरणांच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक प्रकरणाची वेगळी गड्डी आणि तिच्यावर दोरा बांधलेला. एक प्रकरण शिकवून झाले, की ती गड्डी निघे, मुले त्या जातीची वीस-पंचवीस उदाहरणे झपाझप सोडवीत आणि दोरा पुन्हा बांधला जाई. बाईंनी एके दिवशी तो डबा मागून घेतला आणि गुरुजींच्या देखत एकामागून एक दोरे सोडले! चिठ्ठ्या टेबलावर कालवल्या आणि पुन्हा डब्यात भरल्या. गुरुजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर्षानुवर्षे नीट लावलेले दप्तर वाऱ्यावर उडावे, तसे त्यांना झाले.

ठरले ते असे : शिकवावयाचे गुरुजींच्या रीतीने, एकेक वेगळे, पाया पक्का होईपर्यंत. पण नंतर आठवड्यातून एक तास डब्याचा. मुलाने हात घालून एक चिठ्ठी काढावयाची. ती लगेच सोडवावयाची नाही. हे उदाहरण कोणत्या जातीचे आणि ते कशावरून, एवढेच आधी सांगावयाचे.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. “सर, कोणत्या धड्यातले आहे ते तरी सांगा!” असा ओरडा होई. चार वह्यांना साठ रुपये पडतात, तर आठ वह्यांना किती, या चिठ्ठीमागोमाग, चार मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर आठ मजूर किती दिवसांत, ही चिठ्ठी निघे. आणि वह्यांच्या भरात मजुरांनाही बारा दिवस लावले जात. एका माणसाला गावाहून स्टेशनवर चालत जाण्यास अर्धा तास लागतो, तर तिघांना किती वेळ लागेल, या चिठ्ठीवर वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे दीड तास, दुसरा म्हणे दहा मिनिटे. तिघे गप्पा मारीत बरोबरच चालले असतील, हे सुचावयास बराच वेळ लागला. गुरुजी माझ्याकडे येऊन म्हणाले, “मुले होते तेही विसरली!” मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबावयास सांगितले. दिवाळीनंतर मात्र ओरडा कमी झाला. चिठ्ठी उघडल्यावर मुले क्षणभर गप्प बसू लागली. आणि त्या गप्प बसण्यावर गुरुजी खूश होते.

हे सारे आम्ही केवळ अंदाजाने केले होते. पुढे निवृत्त झाल्यावर एका प्रयोगाची हकिकत माझ्या वाचनात आली. अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोहरर आणि केली टेलर यांनी तो प्रयोग सन २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाला चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढावयास शिकविले. काहींनी एका जातीची उदाहरणे संपवून मग दुसऱ्या जातीची सोडविली. काहींना सर्व जातींची मिसळ दिली. सराव करताना पहिल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळवाल्यांची फक्त ६०. आमच्या गुरुजींनी हे पाहिले असते, तर त्यांनी चिठ्ठ्यांना तत्काळ दोरे बांधले असते! पण एका आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा पहिल्यांचे २० टक्के बरोबर आले आणि मिसळवाल्यांचे ६३. एवढ्याशा गटावरून साऱ्या जगाचा निर्णय करू नये, हे मला कळते. तरीही आकडे वाचताना मला तो पत्र्याचा डबा आणि दिवाळीपूर्वीचा तो गोंधळ आठवल्यावाचून राहिला नाही.

भास्कराचार्यांविषयी मघाशी सांगितले. त्यांनी त्रैराशिकाच्या शेजारीच व्यस्त त्रैराशिक ठेवले आहे. वह्या आणि मजूर एकमेकांना लागून! आठ क्रियांच्या जोड्या त्यांनी सख्ख्या म्हणून जवळ ठेवल्या. ही जोडी बहुधा फरक कळावा म्हणून ठेवली असावी. गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “आचार्यांच्या शिष्यांना तेवढी अक्कल असेल!” आपला पक्ष सहजासहजी सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते.

वर्षाच्या अखेरीस बाईंनी मुलांनाच नव्या चिठ्ठ्या लिहावयास सांगितले. उदाहरण आपल्या घरातले, शेतातले किंवा दुकानातले असले पाहिजे, एवढीच अट होती. गुरुजी एकेक चिठ्ठी चष्म्याजवळ धरून तपासत होते. वस्तीवरच्या त्या मुलीची चिठ्ठी त्यांच्या हाती आली. एका बाजूला लिहिले होते : ‘आमच्या उसाला बारा दिवसांनी पाण्याची पाळी येते आणि चुलत्यांच्या रानाला अठरा दिवसांनी. आज दोन्हीकडे पाणी सोडले. पुन्हा दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी केव्हा सोडावे लागेल?’ गुरुजींनी चिठ्ठी उलटली. मागे लिहिले होते : ‘आमच्याकडे बारा मीटरांची एक आणि अठरा मीटरांची एक अशा दोन नळ्या आहेत. काही न उरता दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे करावयाचे आहेत. जास्तीत जास्त केवढा तुकडा होईल?’

गुरुजींनी ती चिठ्ठी दोन-तीनदा उलटसुलट केली. मग काही न बोलता त्यांनी ती डब्यात टाकली, झाकण लावून डबा हलविला आणि पहिल्या बाकावरच्या मुलासमोर धरला.